गाडी विजेची, पण वीज कशाची?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

विजेवरच्या मोटारींबद्दल पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून आलेल्या बऱ्याच पत्रांचा रोख एकच आहे: वीज कोळशाची असेल तर गाडीमुळे पर्यावरणाचे भले होते की नाही? त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांत आकडेमोड बरीच आहे. किंमत आणि कर्जाचे हप्ते हा विषय मुद्दाम बाजूला ठेवला आहे.

मित्र म्हणतो, "वीज कोळशाची, म्हणजे धूर तोच, फक्त लांबून." त्याचे म्हणणे बरोबर आहे का? (कोथरूड)

पहिला भाग बरोबर, दुसरा चूक. देशात तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशावर होते. सगळे स्रोत एकत्र धरले तर एका युनिटमागे किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, याची सरासरी केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी प्रसिद्ध करते. गेली काही वर्षे हा आकडा ०.७१ ते ०.७३ किलोच्या दरम्यान आहे. आपण ०.७२ धरू. पण तो झाला वीज केंद्राच्या दारातला हिशेब. वाहिन्या आणि रोहित्रांमधली गळती १५ टक्के धरली, तर तुमच्या प्लगपर्यंत पोचलेल्या युनिटवर ०.८५ किलोचा बोजा पडतो.

आता गाडी. मध्यम आकाराची मोटार पुण्याच्या रहदारीत, एसी चालू ठेवून, किलोमीटरला साधारण १४० वॅट-तास बॅटरीतून घेते (हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट). इथे जाहिरातीतला पल्ला धरून भागाकार करू नका. पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटची होती आणि एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने प्रमाणित केलेला पल्ला ३१२ किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला ९७ वॅट-तास. चाचणीच्या रोलरवर हे जमते, सिंहगड रोडवर जमत नाही. शिवाय चार्ज होताना १० ते १५ टक्के वीज उष्णता होऊन जाते, म्हणून मीटरवर १६० वॅट-तास लागतात. ०.१६ गुणिले ०.८५, म्हणजे किलोमीटरला १३६ ग्रॅम.

पेट्रोलचे असे: एक लिटर जळले की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तेल उपसणे, जहाज, शुद्धीकरण, टँकर हे सगळे मिळवले की सुमारे २.८ किलो. त्याच आकाराच्या गाडीचे शहरातले ॲव्हरेज १५ धरले तर किलोमीटरला १८७ ग्रॅम. फरक ५० ग्रॅमचा, म्हणजे पाव भागाहून थोडा जास्त. तेव्हा "धूर तोच" हे खरे नाही. पण "शून्य प्रदूषण" हे गाडीच्या मागे लावलेले स्टिकरही खरे नाही.

यात बॅटरी अजून आलेली नाही. बॅटरीच्या एक युनिट क्षमतेमागे ती तयार करताना ६० ते १०० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लोह-फॉस्फेट रसायनाची बॅटरी यात खालच्या बाजूला असते, निकेल-मँगनीज-कोबाल्टची वरच्या. मधला ८० धरला तर ३० युनिटच्या बॅटरीवर २,४०० किलोचे कर्ज आहे. ते किलोमीटरला ५० ग्रॅमने फेडायचे तर ४८,००० किलोमीटर लागतात. वर्षाला दहा हजार फिरणाऱ्याला जवळजवळ पाच वर्षे. "पुढेमागे लागेल" म्हणून ४० युनिटची बॅटरी घेतलीत तर ६४,००० किलोमीटर.

तीच गाडी सौर विजेवर चालवली तर? पॅनेल तयार करण्याचा खर्च धरूनही युनिटमागे सुमारे ४० ग्रॅम पडतात, म्हणजे किलोमीटरला सहा-सात ग्रॅम. आता बचत १८० ग्रॅमची आणि कर्ज साडेतेरा हजार किलोमीटरच्या आत फिटते. गाडी तीच, चालवणारा तोच. पुढच्या बहुतेक उत्तरांचा मुद्दा हाच आहे.

पुण्याला तर कोयनेची वीज येते. मग आमच्या शहराचा आकडा कमी नको का? (सातारा रोड)

नको. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी चालू झाली आणि दक्षिणेचे ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचे जाळे, बाकी देशाला जोडले गेले. तेव्हापासून देशभर एकच ग्रिड एका तालात चालते. तुमच्या प्लगमध्ये कोयनेचे किती, चंद्रपूरचे किती, राजस्थानच्या सौर प्रकल्पाचे किती, हे वेगळे काढता येत नाही.

त्याहून महत्त्वाचे कारण पाण्याचे आहे. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅटच्या घरात आहे. पण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. तेवढ्या पाण्यात ही यंत्रे वर्षभर पूर्ण क्षमतेने चालूच शकत नाहीत. म्हणून ती मागणी चढते त्या तासांसाठी राखून वापरतात. तुम्ही गाडी प्लगला लावली म्हणून कोयनेत पाणी वाढत नाही. जादा लागलेले युनिट कुठून येते? ज्या केंद्रात अजून वाढवायला वाव आहे तिथून, आणि ते बहुतेक वेळा कोळशाचे असते.

देशातली निम्मी वीज आता कोळशाविना होते असे वाचले. मग तुमचे गणित जुने नाही का? (बाणेर)

बातमी क्षमतेची आहे, निर्मितीची नाही. जून २०२५ अखेर देशाच्या एकूण स्थापित क्षमतेत सौर, पवन, जल, अणू वगैरे मिळून वाटा ५० टक्क्यांवर गेला, हे खरे. पण एक मेगावॅटचा सौर प्रकल्प वर्षाला सुमारे १६ लाख युनिट देतो आणि एक मेगावॅट कोळसा ६० लाखांच्या आसपास. सूर्य रात्री नसतो, एवढेच त्यामागचे गुपित. शिवाय विजेची मागणीही वाढते आहे. नव्या सौर विजेतला मोठा हिस्सा त्या वाढीतच खपतो, म्हणून ०.७२ हा आकडा पटकन खाली येत नाही.

मी रोज रात्री अकराला चार्जिंग लावतो. रात्री लोड कमी, म्हणजे ग्रिडवर ताण कमी. बरोबर ना? (वाकड)

वीस वर्षांपूर्वी हा सल्ला योग्य होता. आता दिवस बदलला आहे, अगदी शब्दशः. दुपारी सौर वीज इतकी येते की कोळशाचे संच मागे ओढावे लागतात. ते एका मर्यादेपलीकडे मागे जात नाहीत. २०२३ च्या नियमांनुसार त्यांना ५५ टक्क्यांपर्यंत खाली उतरता आले पाहिजे. त्याखाली बॉयलरमधली आग स्थिर ठेवणे अवघड होते, तेल फवारावे लागते, आणि एकदा बंद केलेला संच संध्याकाळच्या मागणीसाठी वेळेत परत चालू होत नाही. मग अशा दुपारी सौर प्रकल्पांनाच उत्पादन कमी करायला सांगितले जाते. तुमची गाडी त्या वेळी प्लगला असेल तर ती एरवी वाया जाणारी वीज पिते. रात्री अकराला हा प्रश्नच नाही. तेव्हा ग्रिडचा मुख्य भार कोळसाच उचलतो. वार्षिक सरासरीच्या आकड्यात हा फरक दिसत नाही.

"पण दुपारी गाडी ऑफिसात असते," हा आक्षेप येणारच. तिथे चार्जिंग पॉइंट असेल तर तो वापरा. हिंजवडी-खराडीच्या आयटी पार्कांत आता ते सर्रास दिसतात. नसेल तर आधी स्वतःचा आठवडा मोजा. घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी सुमारे ३ किलोवॅट ओढते. रविवारी सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या आठ तासांत २४ युनिट, म्हणजे १५० किलोमीटर. शनिवारीही सुट्टी असेल तर ३००. शहरात फिरणाऱ्या बहुतेकांचा आठवडा एवढ्यात बसतो. मोबाइलसारखे रोज रात्री लावायचे ही नुसती सवय आहे.

रात्रीशिवाय इलाजच नसेल तर निदान संध्याकाळी ६ ते ११ टाळा आणि मध्यरात्रीनंतर लावा. दिवेलागणीला सूर्य गेलेला असतो, घरोघरी एसी आणि शेगड्या चालू असतात, आणि ग्रिडकडे हाताशी ठेवलेले सगळे त्याच वेळी वापरात असते.

वेळ लावण्यात दोन गोष्टी हमखास बिघडतात. गाडीच्या ॲपमध्ये एक वेळ आणि भिंतीवरच्या चार्जरच्या ॲपमध्ये दुसरी लावली, तर दोन्ही एकमेकांची वाट पाहत बसतात आणि सकाळी गाडी रिकामी. वेळ एकाच ठिकाणी लावा, दुसरीकडे "लगेच सुरू" ठेवा. दुसरे म्हणजे बाजारात मिळणारे स्वस्त टायमर-प्लग. त्यांचे संपर्क ६ किंवा १० अँपिअरचे असतात आणि गाडी सलग आठ तास १३ अँपिअर ओढते. प्लास्टिक वितळते. टायमर लावायचाच असेल तर वायरमनकडून डीबीमध्ये (घराच्या मुख्य स्विचबोर्डात) टायमर आणि २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर बसवून घ्या.

टीओडी मीटर (वापराची वेळ नोंदवणारा) बसलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत मिळते, तीही बिलावर तपासा.

धनकवडीत आमचे बैठे घर आहे, गच्ची मोकळी आहे. महिन्याला हजार किलोमीटरसाठी किती पॅनेल लागतील? आणि दिवसा वीज ग्रिडला देऊन रात्री गाडी चार्ज केली तर ती सौर वीज म्हणायची का?

हजार किलोमीटरला मीटरवर १६० युनिट. पुण्यात एक किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट देतो, महिन्याला १२०. म्हणजे १.४ किलोवॅट हवेत. साडेपाचशे वॅटची तीन पॅनेल (१.६५ किलोवॅट) पुरतील. घराचा वापर वेगळा धरा. जागा किलोवॅटला शंभर चौरस फूट, कारण उतार आणि मधली पायवाट सोडावी लागते. तोंड दक्षिणेला, उतार १५ ते २० अंश. मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला ५ युनिटपर्यंत मिळतात, जुलै-ऑगस्टच्या झडीत अडीच-तीनवर येतात. पावसाळ्यातला खड्डा भरून काढायला पॅनेल वाढवू नका, वर्षाचा ताळेबंद बघा.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची सावली दुपारी ३ नंतर कुठे पडते ते आधी पाहा. एका माळेतले एक पॅनेल सावलीत गेले तरी पूर्ण माळेचे उत्पादन घसरते. बोअरच्या जड पाण्याने पॅनेल धुतली की पांढरे डाग बसतात आणि ते नंतर निघत नाहीत. नळाचे पाणी, पहाटे, मऊ कापड, एवढेच.

ज्या गल्लीत बऱ्याच गच्च्यांवर पॅनेल आहेत तिथे दुपारी व्होल्टेज चढते. ते २५३ च्या वर गेले की इन्व्हर्टर आपोआप बंद पडतात. ऐन उन्हात उत्पादन शून्य दिसले तर आधी हे तपासा. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल बारीक असेल तर चढ आणखी वाढतो. तेव्हा केबल एक माप जाड घालून घ्या.

दुसरा प्रश्न नेट मीटरिंगचा. बिलाच्या दृष्टीने ती तुमची सौर वीज. हवेच्या दृष्टीने पाहिले तर तुम्ही दुपारी दिलेल्या युनिटमुळे कुठेतरी कोळसा थोडा कमी जळतो आणि रात्री घेतलेल्या युनिटमुळे तेवढाच जास्त जळतो. आजच्या घडीला जमाखर्च साधारण जुळतो. पण वरच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे, दुपारची वीज जशी वरचढ होत जाईल तशी तुमच्या दुपारच्या युनिटची किंमत हवेच्या हिशेबात घसरत जाईल. म्हणून जमेल तितके थेट उन्हातच चार्ज करा, आणि तेही बेताने. ३ किलोवॅटचा संच भर दुपारी २.३ किलोवॅटच्या आसपास देतो. त्यावर ७.२ किलोवॅटचा चार्जर पूर्ण जोरात लावला तर दोन तृतीयांश वीज ग्रिडचीच येते. चार्जरच्या सेटिंगमध्ये प्रवाह १० अँपिअरवर आणा, म्हणजे २.३ किलोवॅट. अगदी ६ अँपिअरवर नेऊ नका. चार्ज होताना गाडीची स्वतःची यंत्रणा दोन-तीनशे वॅट खाते, आणि प्रवाह जितका कमी तितके तास वाढून हा खर्चही वाढतो.

वीज गेली की साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर बंद होतो, कितीही ऊन असले तरी. तारेवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवासाठी तो नियम आहे. पीएम सूर्यघर योजनेत घरगुती संचाला २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, असे जास्तीत जास्त ७८ हजारांचे अनुदान आहे.

आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट घ्यायचे आहेत. जनरेटरचा बॅकअप त्यांना द्यावा का? (खराडी)

देऊ नका. एक लिटर डिझेलमागे जनरेटर ३ ते साडेतीन युनिट देतो. लिटरमागे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, त्यात तेल आणण्याचा खर्च धरला तर युनिटला सुमारे एक किलो. गंमत अशी की हा आकडा ग्रिडच्या ०.८५ पेक्षा फार वाईट नाही. पण काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तुमच्याच आवारात, मुले खेळतात त्या उंचीवर सुटतात. आणि नुसत्या डिझेलचा खर्च युनिटला २७ रुपयांच्या पुढे जातो.

वायरमनला सांगायचे ते असे. ईव्ही पॅनेलचा पुरवठा चेंजओव्हर स्विचच्या आधी, महावितरणच्या बाजूने काढा. जनरेटर सुरू झाला की चार्जर आपोआप बंद राहतील. ७.२ किलोवॅटच्या प्रत्येक पॉइंटला ४० अँपिअरची एमसीबी. तांब्याची ६ चौरस मिलिमीटर वायर तीस मीटरपर्यंत चालते, त्यापुढे १०. आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरची, 'ए' प्रकारची, आणि चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखण्याची सोय असावी. ती नसेल तर 'बी' प्रकार. जुन्या 'एसी' प्रकारची आरसीसीबी डीसी गळतीने आंधळी होते आणि धक्का बसला तरी पडत नाही. स्वस्त म्हणून हीच बसवली जाते, तेव्हा बिल देण्यापूर्वी झाकण उघडून चिन्ह बघा.

बसवल्यावर चार्जर "अर्थ फॉल्ट" दाखवत असेल तर दोष बहुधा गाडीचा नसतो. न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्टेज मोजा. ते पाच व्होल्टच्या वर असेल तर न्यूट्रलचा सांधा ढिला आहे किंवा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला आहे. उन्हाळ्यात पुण्याच्या मुरमाड जमिनीत हे नेहमीचे.

सोसायटीच्या गच्चीवर सौर संच घालणार असाल तर एक गोष्ट आधी ठरवा. संच कॉमन मीटरवर असेल आणि चार्जर प्रत्येक फ्लॅटच्या मीटरवर, तर संचाची वीज लिफ्ट आणि पंपांच्या बिलात वळती होते, गाड्यांच्या नाही. ईव्ही पॅनेल कॉमन मीटरवर घेऊन प्रत्येक पॉइंटला उपमीटर लावला तर दुपारची वीज थेट गाड्यांना जाते. सामाईक सोयींसाठी, त्यात चार्जिंगही आले, सूर्यघर योजनेत किलोवॅटला १८ हजारांचे अनुदान आहे, ५०० किलोवॅटपर्यंत. मंजूर भार वाढवायचा अर्ज मात्र आधी करा. चार्जर येऊन पडतात आणि भार वाढायला वेळ लागतो.

हायब्रिड घ्यावी, सीएनजी घ्यावी की ईव्ही? शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. (पिंपळे सौदागर)

ईव्हीच्या जाहिराती करणाऱ्यांना हे उत्तर आवडणार नाही. स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनाला बॅटरी-मोटरची जोड असलेली गाडी) शहरात २१ चे ॲव्हरेज देत असेल तर शुद्ध पेट्रोल धरून किलोमीटरला १३३ ग्रॅम. ग्रिडवरच्या ईव्हीचे १३६. बरोबरीच म्हणायची. सीएनजीचा एक किलो, गळती आणि कॉम्प्रेशन धरून, सुमारे ३.३ किलोचा पडतो. २३ चे ॲव्हरेज असेल तर १४३ ग्रॅम. म्हणजे तीही फार मागे नाही. इथेनॉलचे म्हणाल तर ते तयार करताना काहीच प्रदूषण होत नाही असे अगदी उदारपणे मानले, तरी साध्या पेट्रोल गाडीचा आकडा १५५ च्या आसपास येतो. उसाला लागणारे पाणी, खत आणि डिस्टिलरीची वाफ मोजली की तो वर चढतो.

मग ईव्ही कशासाठी? एक, वरचा १३६ हा कोणताही विचार न करता कधीही प्लग लावणाऱ्याचा आकडा आहे. दुपारचे ऊन किंवा स्वतःची गच्ची वापरली की तो झपाट्याने उतरतो. हायब्रिडच्या टाकीत असे काही करता येत नाही. दोन, गाडी बारा-पंधरा वर्षे चालते. ग्रिड जसे सुधारेल तशी जुनी ईव्हीही सुधारते, पेट्रोलचे इंजिन मात्र जुने होत बिघडत जाते. तुमच्याकडे दिवसा चार्ज करण्याची कसलीही सोय नसेल, धावणे वर्षाला पाच-सहा हजारच असेल, तर हायब्रिड किंवा असलेली जुनी गाडी नीट राखणे हेच शहाणपणाचे. पाच हजार धावणाऱ्याचे बॅटरीचे कर्ज फिटायला दशक जाते.

स्कूटरचे गणित वेगळे आहे का? (हडपसर)

बरेच वेगळे, आणि चांगले. इलेक्ट्रिक स्कूटर मीटरवर किलोमीटरला ३८ वॅट-तास घेते, म्हणजे कोळशाच्या ग्रिडवरही ३२ ग्रॅम. ४५ चे ॲव्हरेज देणारी पेट्रोल स्कूटर ६२ ग्रॅम. थेट निम्मे. बॅटरी तीन युनिटची, कर्ज २४० किलो, आठ हजार किलोमीटरमध्ये फिटते. बॅटरी काढून वर नेता येत असेल तर ऑफिसच्या साध्या सॉकेटवर दुपारी चार्ज होते. उलट, स्कूटर सोडून "पर्यावरणासाठी" इलेक्ट्रिक मोटार घेणाऱ्याचे उत्सर्जन ६२ वरून १३६ वर जाते. पीएमपीच्या भरलेल्या ई-बसमध्ये माणशी तीसेक ग्रॅम पडतात, तेही लक्षात असू द्या.

मी मूळची चंद्रपूरची. पुण्याची हवा स्वच्छ करायला आमच्याकडे राख टाकता, असे नाही का हे? (कात्रज)

काही अंशी असेच आहे. वर्षाला दहा हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीला मीटरवर १,६०० युनिट लागतात, वीज केंद्राशी १,८८० च्या आसपास. त्यातले तीन चतुर्थांश कोळशाचे धरले आणि युनिटला ७०० ग्रॅम कोळसा, तर वर्षाला जवळजवळ एक टन कोळसा जळतो. आपल्या कोळशात राख ३० ते ४० टक्के, म्हणजे एका गाडीमागे तीन-चारशे किलो राख. त्यातली काही सिमेंट आणि विटांत जाते, उरलेली बंधाऱ्यात.

सल्फर डायऑक्साइडचा प्रश्न त्याहून बिकट. पेट्रोल गाडीतून तो नगण्य निघतो, कोळशातून भरपूर. तो धुऊन काढणारी यंत्रणा बसवण्याचे बंधन डिसेंबर २०१५ मध्ये घातले गेले. मुदती वाढत राहिल्या आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूट मिळाली. ईव्हीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ही बाब टाळू नये.

दुसऱ्या पारड्यात काय आहे? गाडीचा धूर नाकाच्या उंचीवर, दाट वस्तीत, सिग्नलला थांबलेल्या माणसांत सुटतो. तोच ऐवज उंच चिमणीतून सुटला तर पातळ होतो. आणि पेट्रोलही कुठेतरी शुद्ध होतेच. मुंबईत तेल शुद्धीकरण कारखान्यांशेजारी राहणाऱ्या माहूलच्या रहिवाशांना त्याचा वास विचारा. पण पातळ होणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. दुपारी चार्ज करण्याचा आग्रह आम्ही धरतो तो चंद्रपूर, कोराडी, भुसावळ, परळीच्या हवेसाठीही.

हायवेवरच्या चार्जिंग स्टेशनवर "१०० टक्के हरित ऊर्जा" अशी पाटी असते. खरे मानावे का? (निगडी)

तीन प्रश्न विचारा. छपरावर पॅनेल आहेत का? असतील तर किती? ६० किलोवॅटचा एक डीसी चार्जर पूर्ण जोरात चालवायला दुपारीही पाचशे वॅटची दीडशे पॅनेल लागतात. स्टेशनच्या पत्र्यावर दहा-बारा असतील तर ती दिव्यांपुरती. वीज ओपन ॲक्सेसने, म्हणजे महावितरणऐवजी थेट, एखाद्या सौर किंवा पवन प्रकल्पाकडून घेतली आहे का? असेल तर दावा बराच ठोस. की महावितरणला जादा हरित दर भरून घेतली आहे? हीही अधिकृत सोय आहे. पण महावितरणला ठराविक वाटा अपारंपरिक वीज नियमानुसार घ्यावीच लागते. तुमच्या जादा पैशांतून नवा प्रकल्प उभा राहिला नाही तर फक्त कागदावरचे वाटप बदलते. पाटी काहीही असो, रात्री नऊला तिथे जोडलेली गाडी रात्री नऊच्याच ग्रिडची वीज घेते.

आठ वर्षांनी बॅटरीचे काय करायचे? (औंध)

सहसा आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असते, आणि ती संपली म्हणजे बॅटरी संपली असे नाही. क्षमता ७०-७५ टक्क्यांवर आलेली बॅटरी गाडीत पल्ला कमी देते, पण सौर संचाची दुपारची वीज संध्याकाळसाठी साठवायला ती अजून कामाची असते. त्यानंतर पुनर्वापर. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. टाकाऊ बॅटरीतून परत मिळवायच्या साहित्याचे प्रमाण २०२४-२५ ला ७० टक्के, २०२५-२६ ला ८० आणि २०२६-२७ पासून ९० टक्के ठरवले आहे. अपघातात चेपलेली किंवा पुराच्या पाण्यात बुडालेली बॅटरी स्वतः उघडू नका, भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. कित्येक दिवसांनीही ती पेट घेऊ शकते. गाडी उघड्यावर, इतर वाहनांपासून दूर उभी करा आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरला कळवा. बॅटरी जमा केल्याची पावती तिच्या अनुक्रमांकासह मागून घ्या.